कानस

पट्टा उतरवायला दोन माणसं लागतात.
एक मी. दुसरा रामसमुझ.
सत्तावीस फूट पोलाद वेटोळं घालून तो बाकावर ठेवायचा,
मी कानस घ्यायचो.
एकेक दात. पुढे ढकलायची, मागे आणताना उचलायची,
घासत आणायची नाही. हे बापानं शिकवलं.
बाळकुमच्या या वखारीत
धार हीच माझी नोकरी.

मी दात तोंडानं मोजतो. तो पेरांवर मोजायचा,
अंगठा करंगळीच्या मुळाशी टेकवून वर चढत.
बोटाला तीन, हाताला बारा,
बारा अठरे दोनशे सोळा.
"पूरा है, काका."

त्या दिवशीचं खोड पर्जन्यवृक्षाचं.
रस्ता रुंद झाला घोडबंदरला, तेव्हाचं.
कुणीतरी कधीतरी त्यावर पाटी ठोकलेली,
क्लासची असेल, वाढदिवसाची असेल.
पाटी गेली. खिळा राहिला.
झाडानं वरून साल ओढून घेतली,
घरातली गोष्ट घरात ठेवावी तशी.

मला आतून आवाज आला फक्त.
लाकडाचा नव्हता.
खोड उडालं, हात पुढे गेला.
जाळी?
जाळी दिवाळीपासून भिंतीला टेकवलेली,
तिच्यामुळे दिवसाला चाळीस घनफूट कमी निघतं म्हणून.
तिच्यावर आमचे टॉवेल वाळत होते.
माझाही.

भुसा चाळला आम्ही तिघांनी, गुडघ्यांवर बसून.
तर्जनीची दोन पेरं, मधल्याचं एक.
एक सापडलंच नाही.
दोन, दुधाच्या पिशवीत, पेप्सीकोलाच्या बर्फात.

रिक्षा तीन हात नाक्याला अडकली.
आयुष्यभर हे नाव घेतोय मी,
त्या लाल सिग्नलला पहिल्यांदा ऐकलं.
रामसमुझ म्हणाला, "काका, टाइम क्या हुआ?"
त्याला वखारीत परत जायचं होतं,
जेवणाचा डबा तिथंच राहिला म्हणून.

वागळे इस्टेटच्या कामगार रुग्णालयात
डॉक्टरीणबाईंनी फडकं सोडलं, पाहिलं,
आणि कौतुकानंच म्हणाल्या,
"काप अगदी स्वच्छ आहे. पातं धारेचं होतं."
मी मान हलवली.
सवयीनं.

मग कागद.
तर्जनीच्या दोन पेरांचे अकरा टक्के,
मधल्या बोटाच्या एकाचे सात.
बेरीज कारकुनानं दोनदा केली, अठरा.
मला वाटलं विचारावं,
मोजणाऱ्या बोटांना काही वेगळं आहे का तक्त्यात?
पण मागे रांग होती.
साक्षीदार म्हणून माझी सही लागली.
"यंत्राची स्थिती" या रकान्यात
खीमजीशेठच्या नातवानं लिहायला सांगितलं: उत्तम.
मी लिहिलं. खोटं नव्हतं ते.

पुढचे आठ दिवस हात चालेना.
वाटलं, बोथटच ठेवावा पट्टा.
पण बोथट पट्टा कापत नाही, ढकलतो,
ढकललेलं लाकूड माणूस शोधतं.
म्हणजे धारच लावायची.
दुसरं करायचं काय.

साडेचार महिन्यांनी तो आला.
मशीनवर नाही, भुसा भरायला.
तरी सकाळी पट्टा उतरवताना
न सांगता पलीकडच्या टोकाला उभा राहिला.
तीन बोटांनी पोलाद कसं धरायचं ते त्यानं गावी शिकून घेतलेलं,
आंब्याच्या फांदीवर, म्हणाला.

मी कानस फिरवली.
त्यानं मोजायला हात वर धरला.
मी दुसरीकडे बघितलं. मग बघितलंच.
अंगठा करंगळीच्या मुळाशी टेकला,
तीन, सहा,
मधल्यावर दोन, तर्जनीवर एक.
नऊ.
नऊ चोवीस दोनशे सोळा.
"पूरा है, काका."

मी पुन्हा मोजले, तोंडानं, हळू.
तेवढेच होते.

जाळी आता लावलेली असते.
टॉवेल कुठं वाळत घालायचे
ते अजून ठरलेलं नाही.